संगीताच्या फलकावर आपली एक चौकट

गावातला सुतार कामाला निघतो तेव्हा पटाशी, रंधा, करवत अशी तयार हत्यारं त्याच्या पिशवीत असतात. बहुतेक काम त्यांवर भागतं. पण एखादी नक्षी अशी निघते की तिच्याजोगं हत्यार मिळतच नाही. मग तो लोहाराकडं जाऊन हवं तसं पातं घडवून घेतो. संगणकावर संगीत रचणाऱ्यांवरही हाच प्रसंग येतो. आज त्या लोहारकामाविषयी थोडं बोलू.

आधी सुताराची पिशवी पाहू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून सूर काढून घेणारा प्रोग्राम लिहिला. पुढं १९८० नंतरच्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट यांनी एक प्रोग्राम रचला. मॅथ्यूज यांच्या नावावरून त्याला ‘मॅक्स’ म्हणू लागले. पकेट यांनीच १९९६ च्या सुमारास ‘प्युअर डेटा’, म्हणजे ‘पीडी’, तयार केला. तो फुकट मिळतो आणि त्याची मूळ लिखावट कुणालाही वाचता येते.

पीडीमध्ये पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. एक चौकट सूर काढते, दुसरी तो लहानमोठा करते, तिसरी ध्वनिक्षेपकाकडं पाठवते. चित्र हाच प्रोग्राम!

मग सी भाषेत वेगळी चौकट लिहायची कशाला? छेडलेल्या तारेचा नाद घ्या. संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० आकडे हा एक नेहमीचा वेग. कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ साली एक सोपी रीत प्रसिद्ध केली. शंभरेक आकडे वाटेल तसे रांगेत भरा. पुढचा आकडा बाहेर पाठवा आणि त्याची शेजाऱ्याशी सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी ठेवा. रांग फिरत राहते, सरासरीमुळं खरखर झिजत जाते आणि तार छेडल्यासारखा नाद येऊन विरतो. रांग आखूड, तर सूर उंच.

अडचण इथंच येते. पीडी एरवी ६४ आकड्यांचा एकेक गठ्ठा घेऊन काम करतो. एका चौकटीतून निघून फिरून तिच्याकडंच यायचं, तर पुढच्या गठ्ठ्यापर्यंत थांबावं लागतं. म्हणजे रांग ६४ हून आखूड होत नाही, आणि सेकंदाला सुमारे ६९० कंपनांच्या वरचे सूर हाती लागत नाहीत. गठ्ठा लहान करता येतो, पण संगणकावरचा भार वाढतो. सी भाषेतल्या चौकटीत मात्र एकेक आकडा फिरवता येतो.

अशा चौकटीचे मुख्य भाग चार. पहिला, तिची आठवण ठेवण्याची जागा. आपली रांग इथं राहते. दुसरा, चौकट फलकावर मांडताच ती जागा तयार करणारा भाग. तिसरा, प्रत्येक गठ्ठ्यावर काम करणारा. चौथा, पीडीला चौकटीची ओळख करून देणारा. चौकटीचं, फाईलचं आणि या चौथ्या भागाचं नाव यांत मेळ हवा. नाहीतर पीडीला चौकट सापडत नाही आणि ती तुटक रेषांनी दिसते. सगळं लिहून झालं की कंपायलरमधून काढायचं.

आता पथ्यं. ६४ आकड्यांचं काम दीड मिलिसेकंदाच्या आत उरकावं लागतं. तेवढ्यात फाईल उघडणं किंवा नवी जागा मागणं नको. उशीर झाला की आवाज तुटतो. दुसरं, येणारे आणि जाणारे आकडे पुष्कळदा एकाच जागेत असतात. म्हणून आधी वाचा, मग लिहा. नाहीतर न वाचलेलं आपणच पुसून बसतो. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. फलकावर तार चुकली तर फार तर सूर बिघडतो किंवा बंद पडतो. सी भाषेत रांगेबाहेर एक पाऊल पडलं, तर भर कार्यक्रमात अख्खा पीडी कोसळू शकतो.

म्हणून शिक्षकांनी मुलांकडून पहिल्या दिवशी तार वाजवून घेऊ नये. खूण आली की एक मात्रा वाढवणारी आणि सोळा झाल्यावर पुन्हा एकवर येणारी चौकट लिहून घ्यावी. हे काम पिशवीतल्या तयार चौकटींनीही होतं, हे मुलांना सांगावं आणि करूनही दाखवावं. लोहाराकडं केव्हा जायचं नाही, हेही चांगल्या सुताराला ठाऊक असतं.