विंगेत थांबलेली पात्रं

गिरगावात साहित्य संघाच्या विंगेत एखादं पात्र रंग लावून उभं आहे आणि त्याचा प्रवेश ऐनवेळी कापला गेलाय, अशी कल्पना करा. प्रेक्षकांना ते दिसत नाही, पण आलेलं असतं. ब्राउझरमधल्या फ्लॅश खेळांचं असंच होतं. खेळ उघडला की त्याची बहुधा अख्खी फाइल आपल्या संगणकावर उतरायची. तिच्यात पडद्याच्या कडेबाहेर ठेवलेली चित्रं असत, खेळ जिथवर कधी पोचतच नाही अशा फ्रेमही असत. बेत बदलला तरी पुसत कोण बसतो! लायब्ररीत नुसतं पडून राहिलेलं चित्र मात्र तयार फाइलीत सहसा जात नसे; निर्यातीची खूण केलेली असली तरच जाई. पोरं हुशार. कित्येक खेळांत टॅब दाबला की लपवलेल्या बटणाभोवती पिवळी चौकट उमटते, हे त्यांना ठाऊक होतं.

३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं फ्लॅशचा आधार काढला. त्याआधी सुमारे दीड महिना इंटरनेट आर्काइव्हनं ‘रफल’च्या मदतीनं जुने खेळ पुन्हा चालवायला सुरुवात केली होती. खेळाचं नुसतं चित्रीकरण जपलं असतं, तर विंगेतलं पात्र गेलंच असतं. मूळ फाइल हवी. ती कुणीच उतरवून ठेवली नाही, असे खेळ मात्र सगळ्या पात्रांसकट गेले.