‘पेडागॉग’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीत एखाद्या गृहस्थाला ‘टीचर’ म्हटले तर त्याच्या व्यवसायाचा निर्देश तेवढा होतो. परंतु त्यालाच कोणी ‘पेडागॉग’ म्हणून संबोधिले, की पदोपदी पांडित्य पाजळणारा, छडीवाचून ज्याचे पान हलत नाही असा एक रुक्ष, करडा मास्तर डोळ्यांपुढे उभा राहतो. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ या कथेत इकाबॉड क्रेन या खेडेगावच्या मास्तराला हेच नाव बहाल केले आहे. आपले सारे चंबूगबाळे एका सुती रुमालात बांधून हा मास्तर दर आठवड्याला निराळ्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला जातो, आणि आपला भार यजमानाला जड होऊ नये म्हणून गवत वाळविण्यास व कुंपणे दुरुस्त करण्यास हातभार लावतो. वाचक त्याला हसतात. मला त्या रुमालातील दारिद्र्य विसरता येत नाही.

हा उपहास शब्दाच्या कुळातच आहे. ग्रीक भाषेत ‘पाइस’ म्हणजे मूल आणि ‘अगोगोस’ म्हणजे नेणारा. लोकांना आपल्यामागे ओढून नेणारा ‘डेमागॉग’ हा याचाच भाऊबंद. अथेन्समधील हा बालनेता मुळी शिक्षक नव्हेच, तो घरचा गुलाम! मुलाला पाठशाळेत व व्यायामशाळेत पोहोचवावे, वाटेत त्याच्या वर्तनावर नजर ठेवावी आणि सायंकाळी त्याला सुखरूप घरी आणून रुजू करावे, ही त्याची कामगिरी. दुरिस या चित्रकाराने रंगविलेला, इ. स. पूर्व ४८० च्या सुमाराचा एक मद्यचषक बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावरील पाठशाळेच्या दृश्यात, धडा चालू असता मागे हाती काठी घेऊन, पायावर पाय टाकून बसलेला आणि मान वळवून मुलाकडे पाहणारा जो दाढीवाला पुरुष दिसतो, तो हाच असावा असे जाणकार मानतात. प्लेटोच्या ‘लायसिस’ या संवादात, स्वतंत्र नागरिकाच्या मुलावर गुलामाचा अंमल चालतो याचे सॉक्रेटिसला मोठे नवल वाटते. परंतु अखेरीस तेच गुलाम येऊन, मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये ओरडून मुलांना घरी चलण्याचा हुकूम करतात, तेव्हा मैत्रीविषयीची ती गहन चर्चा खुद्द सॉक्रेटिसालाही आवरती घ्यावी लागते.

पुढे रोममध्ये असे ग्रीक दास मुलांना भाषाही शिकवू लागले, सोबती आणि शिक्षक यांतील सीमारेषा पुसट होत गेली, आणि इंग्रजीत हा शब्द आला तो शिक्षकाचा वाचक होऊनच. गुलामगिरी मागे राहिली, हीनत्वाचा डाग तेवढा शिक्षकाच्या माथी आला. आपल्याकडे ‘पंतोजी’ या मूळच्या आदरार्थी शब्दाचीही हीच गत झाली. ‘पेडागॉजी’ या शास्त्राला विद्यापीठांत मानाचे आसन आहे, आणि ते आचरणाऱ्याला मात्र त्याच धातूचा टोमणा. हा मला उघड अन्याय वाटतो.

कारण या पेशात सिकिनोससारखा माणूस होऊन गेला आहे. तो अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीज याच्या मुलांचा सांभाळ करणारा दास. इ. स. पूर्व ४८० मध्ये सॅलॅमिसच्या लढाईपूर्वी, ग्रीक पळून जाण्याच्या बेतात आहेत असा खोटा निरोप घेऊन तो जिवावर उदार होऊन इराणी सरदारांकडे गेला. त्यावर भिस्त ठेवून इराणी आरमार अरुंद सामुद्रधुनीत शिरले आणि पराभूत झाले. हिरोडोटस सांगतो, की पुढे थेमिस्टोक्लीजने त्याला थेस्पिए नगरीचे नागरिकत्व मिळवून दिले आणि धनवान केले.