थायलंडमधील राष्ट्रीय उद्याने : नकाशावरील सीमारेषा आणि वनवासींचे अस्तित्व

प्रस्तावना :
राष्ट्रीय उद्यान ही संकल्पना निसर्गसंवर्धनाशी निगडित असली तरी तिचे मूळ स्वरूप कायदेशीर आहे. शासन एखाद्या भूभागाभोवती सीमारेषा आखते आणि त्या रेषेच्या आत कोणत्या मानवी कृतींना मुभा राहील, हे ठरविते. आग्नेय आशियातील थायलंडमध्ये आज सव्वाशेहून अधिक राष्ट्रीय उद्याने आहेत. या व्यवस्थेने तेथील वने व वन्यजीव मोठ्या प्रमाणावर वाचविले, हे निर्विवाद आहे. तथापि, सीमारेषा आखताना आत राहणाऱ्या माणसांची दखल कशी घेतली गेली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
थायलंडचे, म्हणजेच तत्कालीन सयामचे, शाही वनखाते १८९६ मध्ये स्थापन झाले. ब्रह्मदेशातील ब्रिटिश वनप्रशासनाचा अनुभव असलेले एच. ए. स्लेड हे त्याचे पहिले प्रमुख होत. उत्तरेकडील सागाच्या तोडीचे नियमन करणे, हा या खात्याच्या स्थापनेमागील प्रमुख हेतू होता. वन म्हणजे प्रथमतः लाकडाचे भांडार, ही दृष्टी त्यामुळे दीर्घकाळ टिकून राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यास या दृष्टीत बदल होऊ लागला. व्यवसायाने वैद्य असलेले निसर्ग-अभ्यासक डॉ. बूनसोंग लेकागुल यांनी शिकार व वृक्षतोडीविरुद्ध लोकमत जागृत केले. पंतप्रधान सरित थनारात यांच्या राजवटीत १९६० मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा आणि १९६१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा संमत झाला. १८ सप्टेंबर १९६२ रोजी खाओ याई हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. सुमारे २,१६८ चौ. कि.मी. क्षेत्राचे हे उद्यान चार प्रांतांत पसरले असून, २००५ मध्ये ते लगतच्या वनांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये आलेल्या महापुरात डोंगरउतारावरून वाहून आलेले ओंडके व गाळ यांनी गावेच्या गावे गाडली गेली. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये शासनाने नैसर्गिक वनांतील व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली आणि संरक्षित क्षेत्रांच्या विस्तारास वेग आला. २००२ मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांसाठी शाही वनखात्यापासून स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आला.

संवर्धनाची फलश्रुती :
राष्ट्रीय उद्यान पर्यटनासाठी खुले असते, तर वन्यजीव अभयारण्यात संशोधन व संरक्षण यांस प्राधान्य असून पर्यटनावर कडक मर्यादा असते. पश्चिम सीमेवरील थुंगयाई नरेसुआन आणि हुआई खा खेंग ही अभयारण्ये याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. हुआई खा खेंगचे प्रमुख सुएब नाखासाथियन यांनी अवैध शिकार व वृक्षतोड यांविरुद्ध एकाकी झुंज दिली. अपुरे मनुष्यबळ आणि वरिष्ठ पातळीवरील अनास्था यांनी व्यथित होऊन त्यांनी १ सप्टेंबर १९९० रोजी आत्महत्या केली. या घटनेने देश हादरला. पुढील वर्षी ही अभयारण्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या शासकीय अंदाजानुसार थायलंडमधील वन्य वाघांची संख्या १७९ ते २२३ होती आणि त्यांपैकी बहुसंख्य वाघ याच पश्चिम वनपट्ट्यात आढळतात. अनेक शेजारी देशांतून वाघ नामशेष झालेला असताना हे यश विशेष उल्लेखनीय आहे.

केंग क्राचान : दुसरी बाजू
१९६१ च्या कायद्यात एक महत्त्वाची तरतूद होती. कोणत्याही व्यक्तीच्या मालकीची अथवा कायदेशीर ताब्यातील जमीन उद्यानात समाविष्ट करता येणार नव्हती. वरवर पाहता ही तरतूद रहिवाशांना संरक्षण देणारी दिसते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणाऱ्या डोंगरी समाजांकडे जमिनीची कागदपत्रे नव्हती. परिणामी वस्ती असूनही ती जमीन कायद्याच्या दृष्टीने निर्जन ठरली.

१९८१ मध्ये घोषित झालेले केंग क्राचान हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान याचे ठळक उदाहरण होय. म्यानमारच्या सीमेलगतच्या या वनात करेन समाजाच्या बांग क्लोई व चाइ फेन दिन या वस्त्या होत्या. चाइ फेन दिन या नावाचा अर्थ ‘भूमीचे हृदय’ असा होतो आणि हे स्थान १९१२ च्या लष्करी नकाशात दाखविलेले आहे. एका नकाशाने नोंदविलेली वस्ती दुसऱ्या नकाशाने अतिक्रमण ठरविली. १९९६ मध्ये या कुटुंबांना नदीच्या खालच्या भागात हलविण्यात आले. तेथील जमीन अपुरी व नापीक असल्याने काही कुटुंबे परतली. २०११ मध्ये अधिकाऱ्यांनी त्यांची घरे व धान्यकोठारे जाळली. या प्रकरणी गावकऱ्यांना न्याय मिळावा म्हणून झटणारा करेन कार्यकर्ता ‘बिली’ रक्चोंगचारोएन एप्रिल २०१४ मध्ये बेपत्ता झाला. २०१९ मध्ये त्याच्या अस्थींचे अवशेष उद्यानातील जलाशयात सापडल्याचे तपास यंत्रणेने जाहीर केले. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१८ मध्ये जाळपोळ बेकायदेशीर ठरवून नुकसानभरपाईचा आदेश दिला. मात्र मूळ जागी परतण्याची मागणी मान्य केली नाही. मानवी हक्कांविषयीच्या आक्षेपांमुळे अनेकदा लांबणीवर पडलेला जागतिक वारसा दर्जा केंग क्राचानला अखेर जुलै २०२१ मध्ये मिळाला.

२०१९ चा कायदा :
नोव्हेंबर २०१९ मध्ये अंमलात आलेल्या नव्या कायद्याने उद्यानांतील जुन्या वस्त्यांचे २४० दिवसांत सर्वेक्षण करण्याची तरतूद केली. कलम ६४ अन्वये रहिवाशांना कमाल २० वर्षांच्या प्रकल्पांतर्गत जमिनीचा वापर करता येतो, तर कलम ६५ अन्वये पुनर्निर्माणक्षम वनोपज मर्यादित प्रमाणात गोळा करता येते. वस्तीचे अस्तित्व कायद्याने मान्य केले, ही प्रगतीच होय. तरीही ही परवानगी आहे, हक्क नव्हे. भारतातील २००६ चा वनहक्क कायदा ‘ऐतिहासिक अन्याया’चा उल्लेख करून हक्कांना मान्यता देतो, त्याच्या अंमलबजावणीत उणिवा असल्या तरी दोहोंतील हा तात्त्विक भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

समारोप :
थायलंडचा अनुभव दोन गोष्टी स्पष्ट करतो. काटेकोर संरक्षणाखेरीज हुआई खा खेंगमधील वाघ टिकले नसते, ही पहिली. आणि कागदपत्रांचा अभाव म्हणजे माणसांचा अभाव असे गृहीत धरल्याने केंग क्राचानमधील संघर्ष उद्भवला, ही दुसरी. त्यामुळे संवर्धन की वनवासी, अशी मांडणी मूळ प्रश्नाला बगल देणारी ठरते. सीमारेषा आखण्यापूर्वी त्या भूमीवर कोण राहते, याचा प्रामाणिक शोध घेणे हीच संरक्षित क्षेत्राच्या नियोजनाची पहिली पायरी असावयास हवी. ही पायरी गाळली गेली तर ती उणीव पुढील अनेक दशके न्यायालयांत आणि जंगलात भरून काढावी लागते.