बीजाणूचे नाव प्रकाशाला विचारताना

मृगाच्या सरी पडून गेल्या की येडशीच्या रामलिंग घाटात, बालाघाटाच्या उतारांवर आणि बांधावरच्या वारुळांशेजारी छत्र्या डोके वर काढतात. कुणी त्यांना अळंबी म्हणते, कुणी भूछत्र, तर पोरेसोरे कुत्र्याची छत्री. धाराशिवसारख्या कोरड्या जिल्ह्यात त्यांचा मुक्काम थोड्या दिवसांचा. तेवढ्या वेळात त्या लाखो बीजाणू हवेत सोडतात. एक बीजाणू साधारण ५ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. या धुळीवरून अळंबीची जात ओळखायची कशी, हा जुना प्रश्न आहे आणि आता त्यासाठी प्रकाशाची मदत घेतली जाते. या पद्धतीला स्पेक्ट्रोस्कोपी किंवा वर्णपटशास्त्र म्हणतात. तिच्याविषयी आणि एकूण बीजाणूंविषयी काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यातल्या काही जिवावर बेतू शकतात, म्हणून त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : बीजाणूंचा ठसा पांढरा आला की अळंबी खायला चांगली.

वस्तुस्थिती : ठसा काढणे सोपे आहे. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्यायचा, त्यावर छत्रीची टोपी पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत टोपीच्या आतल्या पडद्यांखाली बीजाणूंची रांगोळी उमटते. शेतातल्या शेडमध्ये पिकवलेल्या ढिंगरीचा ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट येतो, बटण मशरूमच्या जातीचा गडद तपकिरी, धानअळंबीचा गुलाबीसर. पण जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी एक, अमानिता फॅलॉइडीस, हिचाही ठसा पांढराच असतो. रंगाने यादी लहान होते, निकाल मात्र लागत नाही.

एक रंग मात्र सावध करणारा आहे. गवतावर उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट येतो. ती खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. तिचे पडदे कोवळेपणी पांढरे असतात, त्यामुळे नुसते पाहून फसगत होते. कोरड्या मुलखात वारुळांवर दिसणारी पोडॅक्सिस तर ठसा देतच नाही. तिची छत्री उघडत नाही, बीजाणू आतच पिकतात.

गैरसमज : स्पेक्ट्रोस्कोपीच्या यंत्रात बीजाणू ठेवले की जातीचे नाव छापून येते.

वस्तुस्थिती : यंत्र नाव सांगत नाही, आलेख देते. बीजाणूवर अवरक्त प्रकाश टाकला की त्यातले रेणू आपापल्या कंपनाला जुळणारा प्रकाश शोषून घेतात. तरंगसंख्या १६५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास प्रथिने आणि कायटिन यांची खूण दिसते, १७४० च्या आसपास मेदाची आणि १००० ते ११०० च्या पट्ट्यात शर्करांच्या साखळ्यांची. या सगळ्या खुणा एकाच आलेखात एकमेकींवर चढलेल्या असतात.

तुळजाभवानीच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणे एकदम वाजतात. ऐकणारा दोन्ही वेगळी ओळखतो, कारण त्याने ती आधी ऐकलेली असतात. आलेखाचेही तसेच आहे. ज्यांची जात तज्ज्ञांनी आधी पक्की केली आहे, अशा नमुन्यांच्या आलेखांशी नवा आलेख ताडून पाहावा लागतो. संग्रहात जी जात नाही, तिच्यासाठी यंत्र फार तर जवळची कुणीतरी दाखवते, आणि ती चूक असू शकते. म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला अजरेकर कवक-वनस्पतिसंग्रह आणि बुरशींचा राष्ट्रीय संवर्धनसंग्रह यांसारख्या ठेव्यांचे मोल मोठे आहे. नाव लागलेला, जपून ठेवलेला नमुना नसेल तर महागड्या यंत्राच्या आलेखालाही अर्थ उरत नाही.

गैरसमज : आता सूक्ष्मदर्शकाची गरज उरली नाही.

वस्तुस्थिती : गरज अजूनही आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू ओळखण्याच्या विद्येचा मोठा वारसा मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या बीजाणूंच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. १९७० साली त्यांनी सहकाऱ्यासह हवेचे नमुने घेणारे यंत्र प्रसिद्ध केले. ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखले जाते. त्यात सावकाश फिरणाऱ्या ढोलावर चिकट पट्टी असते. आत ओढलेल्या हवेतले बीजाणू तिच्यावर बसतात आणि आठवडाभराची हवा क्रमाने नोंदली जाते. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे आणि माणसाच्या डोळ्यांचे.

आकार, भिंतीची जाडी, पृष्ठभागावरचे काटे किंवा सुरकुत्या या गोष्टी डोळ्यांना दिसतात, अवरक्त आलेखात थेट दिसत नाहीत. उलट अनेक अळंब्यांचे गुळगुळीत, रंगहीन बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात, की हवेच्या मोजणीत ते बऱ्याचदा एकाच गटात टाकावे लागतात. अशा ठिकाणी त्यांच्यातले रासायनिक फरक दाखवून स्पेक्ट्रोस्कोपी हातभार लावते. जातीची पक्की खात्री हवी असेल तर डीएनए वाचावा लागतो. त्यासाठी आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ मध्ये बुरशींची अधिकृत ‘ओळखपट्टी’ (बारकोड) म्हणून सुचवला गेला. या तिन्ही वाटा एकमेकींना पूरक आहेत.

गैरसमज : एका जातीचा आलेख कधीही, कुठेही सारखाच येतो.

वस्तुस्थिती : बीजाणू ओलसर असतील तर पाण्याची खूण १६४० च्या आसपास उमटते आणि शेजारची प्रथिनांची खूण झाकून टाकते. म्हणून नमुना आधी नीट वाळवावा लागतो. दुसरी अडचण मापाची. मध्य अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी २.५ ते २५ मायक्रॉन, म्हणजे बीजाणूच्याच मापाची. त्यामुळे प्रकाश नुसता शोषला न जाता विखुरतो आणि आलेखाचा पाया वाकतो. तो गणिताने सरळ करावा लागतो. अळंबी कशावर वाढली आणि किती पिकली, यानेही मेद आणि शर्करांचे प्रमाण बदलते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी नोंदवलेल्या परिणामावर उभी असलेली रामन स्पेक्ट्रोस्कोपी एकेकटा बीजाणू तपासू शकते आणि पाण्याने फारशी अडत नाही. पण काळ्या-तपकिरी बीजाणूंतली रंगद्रव्ये लेसरखाली स्वतःच चमकतात किंवा तापून करपतात, आणि नाजूक संकेत त्यात बुडून जातो.

गैरसमज : ढिंगरीचे ‘बियाणे’ म्हणजे बीजाणू.

वस्तुस्थिती : सोयाबीनच्या भुसकटावर ढिंगरी घेणारे शेतकरी जे बियाणे, म्हणजे स्पॉन, आणतात ते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर वाढवलेले बुरशीचे तंतुजाल असते. बीजाणू तयार होतात ते शेवटी, उमललेल्या ढिंगरीतून. बंद शेडमध्ये ते धुक्यासारखे साचतात आणि रोज श्वासातून गेले तर खोकला, ताप, दम लागणे असा फुप्फुसाचा ॲलर्जीचा आजार होऊ शकतो. ढिंगरीच्या कडा वर वळण्याआधीच तोडणी करावी, शेडमध्ये हवा खेळती ठेवावी आणि आत जाताना मास्क लावावा.

गैरसमज : विषारी आहे की नाही, हे आलेखावरून किंवा घरगुती परीक्षेवरून कळते.

वस्तुस्थिती : बीजाणूच्या आलेखात दिसतो तो मुख्यतः त्याच्या भिंतीचा आणि साठ्याचा मालमसाला. त्यावरून ताटातल्या भाजीची हमी देता येत नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे, किड्यांनी किंवा शेळीने खाल्लेली असणे, या परीक्षांनाही काही आधार नाही. अमानिताचे विष शिजवून, वाळवून जात नाही. त्याची लक्षणे बहुधा ६ ते १२ तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात. मध्ये बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. रानातली अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. डॉक्टरांना आणि तज्ज्ञांना तिचा मोठा उपयोग होतो.

मग यंत्र नसलेल्या माणसाने काय करावे? ठसा काढावा. अळंबीचा फोटो घ्यावा, ती वाळवून कागदी पाकिटात ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये ती सडते. पाकिटावर तारीख, गाव, जवळचे झाड, माती आणि ठशाचा रंग लिहावा. धाराशिवच्या महाविद्यालयांतल्या आणि मराठवाडा विद्यापीठाच्या इथल्या उपपरिसरातल्या विद्यार्थ्यांना एका पावसाळ्यात हे सहज जमेल. कोरडा ठेवलेला ठसा पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, प्रकाशाखाली जाईल, त्याचा डीएनएही वाचता येईल. प्रकाशाला नाव विचारण्याआधी कुणीतरी रामलिंगच्या उतारावर वाकून तो नमुना उचललेला असावा लागतो.