एक लिटर म्हणजे किती?

राहुरी तालुक्यातल्या आमच्या वावराची माती मी एकाच दिवशी, एकाच घमेल्यातून, नीट कालवून आणि चार भाग करत करत कमी करून दोन ठिकाणी तपासायला दिली होती. एका अहवालात सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के आला, दुसऱ्यात 0.51. थोरल्या बंधूंनी दोन्ही कागद पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, ‘‘अरे, पॉइंटाच्या पुढच्या दुसऱ्या घराचं भांडण वाण्याच्या दुकानात तरी कोणी करतं का?’’

वाण्याकडे नसेल, पण शेतात ते करावे लागते. माती परीक्षणाच्या प्रचलित तीन वर्गांच्या वाटणीत 0.50 च्या खाली कर्ब असला की जमीन ‘कमी’ वर्गात जाते आणि 0.50 ते 0.75 ला ‘मध्यम’ म्हणतात. कर्बाच्या आकड्यावरूनच नत्राचा अंदाज बांधतात. ‘कमी’ वर्गाला शिफारशीपेक्षा पाव पट नत्र जास्त द्यावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र धरले, तर पाव पट म्हणजे 62.5 किलो. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे 136 किलो युरिया, 45 किलोच्या तीन गोण्या. त्या तीन गोण्या टाकायच्या की नाही, हे 0.48 आणि 0.51 यांतला फरक ठरवतो. आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावर ज्या प्रवराकाठच्या जमिनी भिजत आल्या, त्यांना जास्तीचे पाणी आणि जास्तीचे खत यांनी काय होते, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्र मी रद्दीतून आणलेल्या पाठ्यपुस्तकांतून शिकलो, तेही चाळिशीनंतर. एका महाविद्यालयातल्या सरांनी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत बसू दिले म्हणून पुढचे सारे हातांनी करून पाहता आले.

सेंद्रिय कर्ब मोजण्याची आपल्याकडची रूढ रीत वॉकली आणि ब्लॅक या दोघांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती 1934 साली प्रसिद्ध केली. बारीक चाळलेली एक ग्रॅम माती शंकुपात्रात घ्यायची. तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचे एक नॉर्मल द्रावण 10 मिली आणि संहत सल्फ्युरिक आम्ल 20 मिली घालून अर्धा तास ठेवायचे. आम्ल पडताच पात्र चटका बसेल इतके तापते. त्या उष्णतेत डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळते. (सगळा नाही, साधारण 77 टक्केच जळतो असे धरतात. तो हिशेब इथे बाजूला ठेवू.) मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल आणि डायफेनिलअमाईनचा दर्शक घालून, उरलेले डायक्रोमेट किती आहे ते ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडून मोजायचे. गढूळ निळ्या-जांभळ्या रंगातून एका थेंबासरशी झळझळीत हिरवा रंग येतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी ब्युरेटची तोटी बंद करायलाच विसरलो.

याच्या जोडीला माती न घालता हाच प्रयोग करतात, त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. समजा, ब्लँकला फेरस द्रावण 20.0 मिली लागले आणि मातीला 16.8. फरक 3.2, म्हणजे 20 चे 16 टक्के. एवढा डायक्रोमेटचा वाटा मातीने खर्च केला. 10 मिली एक नॉर्मल डायक्रोमेट पुरते 30 मिलिग्रॅम कर्ब जाळू शकते, म्हणजे एक ग्रॅम मातीचे 3 टक्के. त्या 3 चे 16 टक्के केले की 0.48.

आता गंमत पाहा. फेरसचे द्रावण नाजूक असते. हवा लागली की त्याची ताकद उतरत जाते. म्हणून मी सुरुवातीला सारी काळजी त्याच्याच पायी वाहिली आणि ती वाया गेली. समजा ते अर्ध्या नॉर्मलऐवजी 0.48 वर उतरले. मग ब्लँकला 20.8 मिली लागेल, मातीला 17.5. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात फुगतात, भागाकार तोच राहतो, आणि उत्तर पुन्हा 0.48 च येते. फेरसचे पाप ब्लँक धुऊन काढतो.

डायक्रोमेटचे धुऊन काढत नाही. समजा ते द्रावण एक नॉर्मलऐवजी 0.95 झाले आहे. ब्लँकला 19.0 मिली लागेल, मातीला 15.8. फरक तोच 3.2, पण तो आता 19 मधला. 3.2 भागिले 19, गुणिले 3, म्हणजे 0.505. माती तीच, आम्ल तेच, बाटलीवरची चिठ्ठीही ‘1.0 नॉर्मल’ अशीच. आणि जमीन ‘कमी’तून ‘मध्यम’मध्ये गेली.

पाच टक्क्यांची चूक कोण करील, असे मला वाटले होते. ती मीच केली होती. पहिल्या वेळी मी 49.04 ग्रॅम डायक्रोमेट तोलून घेतले आणि चंचुपात्रात लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरले. चंचुपात्रावरच्या रेघा अंदाजापुरत्या असतात. त्यांत पाच टक्क्यांची घट-वाढ धरूनच चालायचे, आणि पुष्कळ पात्रांवर तसे छापलेलेही असते. ते कोणी वाचत नाही, मीही वाचले नव्हते. दुसरी चूक याहून सभ्य दिसणारी आहे. एक लिटर पाणी मोजून घ्यायचे आणि त्यात मीठ टाकायचे. मीठही जागा व्यापते. द्रावण लिटरच्या वर भरते आणि एक-दीड टक्क्याने पातळ होते. पाकाचा अंदाज असलेल्या बायकांना हे सांगावे लागत नाही.

त्यासाठीच आकारमापी चंबू असतो. खाली पोट मोठे, वर मान लांब आणि अरुंद, मानेवर एकच रेघ. मान अरुंद असल्यामुळे पाण्याचा एक थेंब कमी-जास्त झाला तरी पातळी डोळ्याला कळण्याइतकी हलते. अ वर्गाच्या लिटरच्या चंबूला 0.4 मिलीची सूट असते, तशाच 10 मिलीच्या पिपेटला 0.02 मिलीची. आधी मीठ ओव्हनमध्ये वाळवून, झाकून थंड करायचे. तोलल्यावर ते थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून चंबूत ओतायचे, पात्र आणि नरसाळे दोन-तीनदा धुऊन ते पाणीही चंबूतच घ्यायचे. मग रेघेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून थांबायचे. शेवटचे थेंब ड्रॉपरने. पाण्याची वाटीसारखी वाकलेली पातळी तळाशी रेघेला टेकली पाहिजे, आणि डोळा रेघेच्या समोर हवा. उभ्याने वरून पाहिले की पातळी खुणेला आल्यासारखी वाटते, तेव्हा ती अजून खालीच असते.

थांबायचे कशासाठी, तर तापमानासाठी. आपल्याकडच्या चंबूवर 27 अंश सेल्सिअस छापलेले असते, युरोपातून आलेल्यावर 20. चंबू त्याच तापमानाला खरा लिटरचा असतो. नगर जिल्ह्यातल्या मे महिन्यात दुपारी 40 अंशांना रेघेपर्यंत भरलेले पाणी 27 अंशांवर आले की सुमारे 4 मिलीने आटते. म्हणजे चंबूला दिलेल्या सुटीच्या दहापट! हे कळल्यावर मी फार घाबरलो होतो. मग हिशेब केला. दुपारी भरलेले द्रावण दुपारीच, त्याच उकाड्यात पिपेटने घेतले, तर दोन्हीकडची चूक जवळजवळ फिटते. फिटली नाही तरी ती 0.4 टक्क्याची, 0.48 चे 0.482 सुद्धा होत नाही. महागडा चंबू आणून उन्हाचा बाऊ करण्यापेक्षा चंचुपात्र बाजूला ठेवणे जास्त मोलाचे. उलट कॉस्टिक सोड्यासारखे विरघळताना तापणारे पदार्थ गरम असतानाच खुणेपर्यंत भरले तर मात्र फसगत होते.

एक सांगायलाच हवे. डायक्रोमेटमधले सहा संयुजेचे क्रोमियम विषारी आहे, कर्करोगकारक आहे. हे घरच्या ओट्यावर करायचे काम नव्हे. शेवटी जो हिरवा रंग येतो, तो या क्रोमियमचे तीन संयुजेच्या, पुष्कळ कमी घातक रूपात बदल झाल्याचा असतो. ब्लँकचे पात्रसुद्धा हिरवे झाल्यावरच टाकाऊच्या डब्यात जावे, आणि तो डबा मोरीत रिकामा होऊ नये. 19 फेब्रुवारी 2015 ला जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली तेव्हापासून देशभर किती मातीचे नमुने या ना त्या रीतीने तपासले गेले असतील! त्या द्रावणांचे पुढे काय झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझ्या दोन अहवालांपैकी खरा कोणता, ते मी सांगू शकत नाही. फरक द्रावणाचा असेल किंवा पुडीत कमी-जास्त आलेल्या काडीकचऱ्याचा. चंबूत केलेल्या द्रावणावर मी तीच माती तीनदा तपासली; 0.47, 0.48, 0.48 आले. बंधूंनी आकडे ऐकले, गोण्यांचा विषय काढला नाही, पण त्या वर्षी शेणखताच्या दोन ट्रॉल्या जास्त सांगितल्या.

सरांनी एक सवय लावली ती अजून आहे. तराजूवर नेमके 49.04 आणण्याचा हट्ट मी करत नाही. जे भरेल ते लिहितो. सध्याच्या बाटलीवर असे आहे: पोटॅशियम डायक्रोमेट, 49.12 ग्रॅम, चंबू 1 लिटर, खोली 29 अंश, 1.002 नॉर्मल, आणि खाली तारीख.