पिशवीला भोक नाही, मग वारं शिरलं कुठून?



उन्हाळ्यात आम्ही पुण्यास बिबवेवाडीला पाहुण्यांकडे मुक्कामास होतो. गावाकडून नेलेले शेंगदाणे त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, तोंडे घट्ट बांधून ठेवले होते. एक गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, दुसरी खाली फडताळात. पत्र्याखालचे दाणे खवट झाले, खालचे चांगले राहिले. "भोक नाही, गाठ सुटली नाही, मग वारं शिरलं कुठून?" वहिनींनी विचारले. मुरघासाच्या पिशव्या भरणारे आपले सभासदही हेच विचारतात.

वारं शिरतं ते प्लास्टिकमधूनच. पॉलिथिन म्हणजे पाचटाच्या ढिगासारख्या गुंतलेल्या, लांबलचक रेणूंच्या साखळ्या. त्या सतत हलतात, मध्ये क्षणभर फट पडते आणि प्राणवायूचा कण एक पाऊल पुढे सरकतो. धग वाढली की साखळ्यांची वळवळ वाढते आणि फटीही जास्त वेळा पडतात. (दाण्यातलं तेलही उष्णतेनं लवकर बिघडतं, म्हणजे मार दुहेरीच.)

हे मोजण्याची रीत सोपी आहे. प्लास्टिकचा तुकडा दोन बंद कप्प्यांमध्ये पडद्यासारखा आवळून बसवतात. एका बाजूस प्राणवायू, दुसऱ्या बाजूस वाहता नत्रवायू. पलीकडे आलेला प्राणवायू नत्रवायूबरोबर मोजयंत्राकडे जातो. प्रथम काटा हलतच नाही; मग चढतो आणि एका आकड्यावर थांबतो. आधीच्या उशिरावरून प्राणवायू किती वेगाने सरकतो ते कळते, थांबलेल्या आकड्यावरून एकूण किती येतो ते. मग उष्णतामान वाढवून पुन्हा मोजणी. साध्या पॉलिथिनमध्ये 25 अंशांवरून 50 अंशांवर गेले की प्राणवायू साडेतीन पटींहून अधिक येतो. जाडी दुप्पट केली तर तो निम्माच होतो. म्हणजे महागाची जाड पिशवी घेऊन उन्हात टाकली, तर जास्तीचे पैसे उन्हानेच खाल्ले म्हणायचे!

मुरघास आंबवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नको असतो, बुरशीला मात्र हवा असतो. म्हणून वैरण चांगली दाबलेली असली तरी प्लास्टिकलगतचा थर आधी बिघडतो. असा थर गाभण जनावरापुढे मुळीच टाकू नये. गाभ जाण्याचा धोका असतो.

पिशव्या सावलीत रचाव्यात. सावली नसेल तर वर पाचटाचा जाड थर द्यावा. कागद एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने काळा असेल तर पांढरी बाजू वर ठेवावी. मात्र उंदराने पाडलेल्या एका भोकातून येणाऱ्या वाऱ्यापुढे हा सगळा हिशेब किरकोळ आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा पिशव्यांभोवती फेरी मारावी आणि भोक दिसताच चिकटपट्टी लावावी.