दुखणे थांबले, घोटा बरा झाला का?

मावळात, लोणावळ्याच्या पंचक्रोशीत, कबड्डीचा हंगाम सरत येतो तसे घोटा मुरगळलेले गडी वाढतात. मैदानात ७, राखीव फार तर ५. म्हणून सूज उतरताच आपण गड्याला चढाईला पाठवतो.

मुरगळताना घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. वेदना काही दिवसांत ओसरते. पण नव्या कोलॅजेन तंतूंना बळकटी यायला ६ आठवडे ते ३ महिने लागतात. शिवाय सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोकेही दुखावतात. पाऊल वाकडे पडल्याचे उशिरा कळते आणि घोटा पुन्हा मुरगळतो.

आम्ही सुचवतो: गड्याला भिंतीजवळ, डोळे मिटून, आळीपाळीने एकेका पायावर उभे करा. दुखऱ्या पायावर तोल लवकर गेला, तर त्याला अंतिम सामन्यातही बसवून ठेवावे. हाच व्यायाम रोज केल्यास तोल सुधारतो.